सासऱ्याची मोटर

…नाही, पण मला एक सांगा, मोटर गार ठेवायची म्हणजे नक्की ठेवायची कशी? फुंकर मारून? मांडीवर घेऊन थोपटून? जो येतो तो कमरेवर हात ठेवतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, "डेल, मोटर तेवढी गार ठेव हां!" अरे, ठेव काय ठेव! ती काय बिअरची बाटली आहे, बर्फात खोचली आणि विसरलो? तिकडे पिंजऱ्यात लोखंड लोखंडाला चावतंय, दाते तुटून भिंतीत घुसताहेत, समोरच्याचं अर्धं अंग छताला जाऊन आपटतंय, धूर, ठिणग्या, जळक्या रबराचा वास, आणि ह्या सगळ्या कत्तलीच्या मधोमध मी काळजी कशाची करायची? तर मोटरीला घाम आला का! तुम्हाला सांगतो, यंत्रांच्या मारामारीत माणूस समोरच्याच्या फटक्यानं हरत नाही. दाते शाबूत असतात, चाकं शाबूत असतात, समोरच्याला फाडून खायची इच्छा तर दुप्पट शाबूत असते… आणि मोटर? तापलेली!

आता मोटर तापली हे कळतं कसं, म्हणाल. पुलाखालचे लोक असतात ना, म्हणजे मोठ्या पुलाच्या दक्षिणेला राहणारे शहरी, त्यांना आम्ही पुलाखालचेच म्हणतो, ते लाल दिव्याचं पिस्तूल रोखतात आणि आकडा वाचतात. आम्ही साधी लूथरन माणसं. आम्ही तळहात मोटरीवर ठेवतो आणि 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला लागतो. प्रार्थना आमेनपर्यंत पोचली की मोटर गार. 'रोजच्या भाकरी'पाशी हात निघाला तर अजून एक झुंज निघेल. आणि 'बापा'लाच बोंब मारलीत तर मोटर बापाकडे गेली म्हणून समजा! आमच्या पाळकांना हे पसंत नाही. पण मागच्या वर्षी त्यांची मोटारगाडी बंद पडली तेव्हा बोनेट उघडून तेही पुटपुटत होते, मी पाहिलंय.

तर ही मोटर कुणाची, ते ऐका. आमच्या यंत्राचं नाव हिल्मा आत्या. खरी हिल्मा आत्या माझ्या वडलांची बहीण. तिनं एकदा अंगणात आलेल्या अस्वलाला कचऱ्याच्या डब्याच्या झाकणानं असं बडवलं, असं बडवलं, की ते अस्वल तळं पोहून कॅनडात गेलं आणि तिथेच राहिलं. शप्पथ! तिच्या नावाला शोभेल असं यंत्र मी आणि गॉर्डीनं बांधलं. गॉर्डी ट्रेवार्था, माझा शाळेपासूनचा दोस्त. बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो, म्हणजे गाडी परत देतो आणि उरलेले भाग पिशवीत घालून वेगळे देतो. हिल्मा आत्या असेल एखाद्या धष्टपुष्ट कुत्र्याएवढी, अंगावर बर्फ ढकलायच्या फाळाचं पोलाद, आणि तोंडाशी दातेरी ढोल. तो ढोल फिरायला लागला की समोर जे येईल ते फाडायचं, उचलायचं, भिरकावायचं! आणि ढोल फिरवणार कोण? मोटर. तर हिवाळी जत्रा अगदी तोंडावर आलेली, आणि गॉर्डीनं सराव म्हणून हिल्मा आत्याला एका जुन्या फ्रिजवर सोडलं. फ्रिजच्या चिंध्या! दार इकडे, पाठ तिकडे, गॉर्डी मध्ये उभा राहून नाचतोय… आणि मोटर? तापलेली! तापली, धुमसली, गेली. नवी मागवावी तर वादळानं पूल शुक्रवारपर्यंत बंद, जत्रेआधी येणार कशी!

"डेल्या," गॉर्डी म्हणाला, "मोटर आहे की."

"कुठे?"

"तुझ्या सासऱ्याकडे."

माझ्या हातातला पाना निसटला तो थेट माझ्याच पायाच्या अंगठ्यावर. माझे सासरे रेइनो. ऐंशीच्या पुढचे, कानाला यंत्र, मनगट मात्र अजून लाकूडतोड्याचं. त्यांच्याकडे बर्फाला भोक पाडायचं विजेचं गिरमिट आहे. गोठलेल्या तळ्यावर जायचं, गिरमिटानं भोक पाडायचं, भोकाशी बसायचं आणि मासा येईपर्यंत आपण गोठायचं, ही आमच्याकडची रविवारची करमणूक. सासरे आणि मी, मी आणि सासरे, दर रविवारी. सासूबाई गेल्यापासून ते गिरमिट म्हणजे त्यांच्या घरातलं दुसरं माणूस! ते घरात कोटांखाली उबेला झोपतं आणि कुत्रा बाहेर शेडमध्ये. आणि नेमकी त्या रविवारी चर्चची मासेमारीची स्पर्धा. बायको माझी, लोरी, तिनं बटाटे सोलता सोलता सुरी माझ्यावर रोखून आधीच बजावलेलं, "पप्पांच्या गिरमिटाला तू किंवा तुझ्या त्या गॉर्डीनं बोट जरी लावलं ना, तर ते गिरमिट तुझ्या पोटात घालून फिरवीन, आणि त्या भोकात गळ टाकून बसेन!" लोरी बोलते ते करते हो. हिल्मा आत्या काही तिची आत्या नव्हे, पण लग्नात आत्यानं तिला मिठी मारून काहीतरी कानात सांगितलं होतं, तेव्हापासून मला शंका आहे.

बेत असा: सासरे सौनात जाऊन बसले, म्हणजे आमच्या त्या वाफेच्या खोलीत, की गिरमिटाच्या पोटातून मोटर काढायची. कवच जागच्या जागी बंद. मोटरीचा नारिंगी रंग काळा करून टाकायचा. शनिवारी जत्रेत लढायचं, संध्याकाळी मोटर पुसून परत बसवायची. रविवारी सासरे खूश, लोरी खूश, माझं पोट शाबूत. अट एकच. मोटर जळता कामा नये. बास, एवढंच! आता ती मोटर बिचारी बर्फाच्या वाऱ्यात काम करणारी. तिला आम्ही पोलादाच्या बंद पेटीत कोंबली, खिडकी नाही, झरोका नाही, आणि म्हटलं, चल बाई, कापाकापी कर.

शनिवारी हॉकीच्या बंदिस्त मैदानावर, म्हणजे आमची बर्फावरची हॉकी, फळ्या टाकून मध्ये जाड पारदर्शक भिंतींचा पिंजरा उभा केलेला. एका बाजूला दुरुस्तीची टेबलं, दुसऱ्या बाजूला चर्चच्या बायकांचा पास्ट्यांचा गाडा. पास्टी म्हणजे मांस-बटाटा भरलेली भलीमोठी करंजी, खाणीतल्या माणसाचं जेवण, एक खाल्ली की माणूस उठत नाही. बाकांवर अख्खं गाव. आणि पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, गुडघ्यांवर घोंगडं घेऊन कोण? सासरे! म्हटलं, "पप्पा, तुम्ही? तुम्हाला ह्या आवाजाचा त्रास होईल." तर म्हणतात, "काय?" म्हटलं, "आवाज! आवाज!" तर म्हणतात, "हो, मी आलोय." मी मनात देवाचे आभार मानले. बहिरा माणूस, मोटर काळी, काय कळणार आहे!

पहिली झुंज दाताच्या डॉक्टरशी. डॉक्टर हॅल्वर्सन, त्यांच्या यंत्राचं नाव 'दाढकाढ्या', पुढे हा एवढा पोलादी चिमटा. घंटा झाली. दाढकाढ्या आला, चिमटा वासला, आणि हिल्मा आत्याच्या मानेला धरायला वाकला… तुम्हाला सांगतो, ती चूक होती! ढोलाचा दाता चिमट्यात अडकला आणि असा काही कडकडाट झाला की पास्टीवाल्या बाईनं हातातलं झाकण टाकलं. चिमटा मुळासकट! भूल नाही, काही नाही, उपटून भिंतीवर! तारा लोंबताहेत, तेल गळतंय, दाढकाढ्या गोल गोल फिरतोय मुंडकं तुटलेल्या कोंबडीसारखा, आणि आत्या मागे लागलीय, एक चाक तोडलं, दुसरं तोडलं, पोट फाडलं, आतली बॅटरी बाहेर लोळली. मी रिमोटवरचा अंगठा ढिला केला. जिंकलो होतो ना! मोटरीला विसावा! तर पहिल्या रांगेतून आवाज.

"काय रे हे? जिवंत आहे अजून ते! मार! चेच त्याला!"

सासरे! घोंगडं खाली, काठी वर! "जोरात फिरव! भितोस काय लेका!" आणि त्यांच्या पाठीमागे पाळकांची बायको, एरवी चर्चमध्ये मुंगीला वाट देणारी, मुठी आवळून ओरडतेय, "फाड! उभं फाड!" अख्खं गाव उठलं. काय करता? मारलं. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बत्तीसच्या बत्तीस दात पडलेल्या माणसासारखे दिसत होते.

टेबलाशी येतो न येतो तो गॉर्डीनं झाकण उघडलं. "हात ठेव डेल्या, म्हण!" ठेवला. "आमच्या स्वर्गातील बापा, तुझं नाव…" आणि नावापाशीच हात निघाला. सगळं छान झालेलं, आत्याच्या अंगावर ओरखडा नाही… आणि मोटर? तापलेली!

पुढची झुंज अर्ध्या तासानं. पंखा लावला. पंख्याचं वारं लागतं कुठे, ती पोलादात बसलेली! गॉर्डी पळत गेला आणि पास्टीवाल्या बायकांच्या शीतपेटीतून गोठलेल्या पास्ट्या घेऊन आला. दगडासारख्या. दोन्ही बाजूंनी मोटरीला लावल्या आणि वरून चिकटपट्टीनं गुंडाळल्या. "ही घे आत्या, ब्लाउज!" म्हणाला मूर्ख. पण तुम्हाला सांगतो, काम झालं! चर्र आवाज आला, वाफ निघाली, गॉर्डीनं हात ठेवला आणि चक्क 'रोजच्या भाकरी'पर्यंत पोचला. तेवढ्यात मागून सावली. सासरे! काठी टेकत टेबलापर्यंत आलेले.

मी मोटरीसमोर असा उभा राहिलो जसा काही माझा जन्मच त्या जागी उभं राहायला झालाय. "पप्पा, काय हवंय?" ते मला काठीनं बाजूला करतात. मोटरीकडे बघतात. वाकतात. आणि म्हातारा काय करतो? चिकटपट्टी सोडवतो, पास्टी काढतो, वास घेतो, आणि चावा मारतो!

"वा," म्हणतात, "मस्त शेकली आहे. मधे जरा गार आहे तेवढं."

आणि खात खात गेले! मोटर गार करायची ती पास्टी, सासऱ्यानं खाल्ली! दुसरी गॉर्डीनं खाल्ली, म्हणे तशीही आता गरमच झालीय.

दुसरी झुंज कॉलेजच्या मुलांच्या 'खिमा'शी. त्याला पुढे आडवं पातं, विमानाच्या पंख्यासारखं फिरणारं. नावाप्रमाणे वागणारं यंत्र. दोघांनी दोन टोकांनी वेग घेतला आणि मधोमध… काय सांगू! तो आवाज नव्हता, तो भूकंप होता. आत्या मागे उडाली, छताला धडकली, पाठीवर पडली. खिमा उलटून भिंतीत घुसला आणि सुटला तो पातं फिरवत परत आला. फटका! आत्याची एक बाजू फाटली. फटका! पोलादाची पापुद्र्यासारखी पट्टी सोलून निघाली. आणि पहिल्या रांगेत म्हातारा उकळतोय, "पडून काय राहिलीस, सटवे? ऊठ! घे त्याचं नरडं! डेल, वेग वाढव! पूर्ण! पूर्ण दे!" मी पूर्ण दिला. बहिऱ्या माणसाला समजावणार कसं, की पप्पा, हे तुमचंच चाललंय! तुमच्याच मोटरीचं रक्त आटवतोय मी! आत्यानं पालथी होत ढोल खिम्याच्या पात्याच्या मुळाशी लावला आणि दाबून धरला. दाबला की मोटर अडते, अडली की तापते, तापली की कण्हते, आणि ती कण्हत होती हो, असा बारीक, लांब, केविलवाणा सूर… आणि सासरे काठी आपटत म्हणताहेत, "सोडू नकोस! धरून ठेव! चिरड!" पातं तुटलं. सुटलं ते भिंतीत रुतलं, पाळकांच्या नाकासमोर हातभर अंतरावर. पाळक प्रार्थना म्हणायला लागले, पण ती मोटरीसाठी नव्हती.

जिंकलो! अंतिम झुंजीत पोचलो! आणि मोटर? विचारूच नका. मी हात नेला, "आ…" म्हटलं आणि हात निघाला. 'आमच्या' सुद्धा पूर्ण नाही झालं! झाकणातून धुराची एक रेघ वर चाललेली, सरळ, शांत, देवळातल्या… म्हणजे चर्चमधल्या मेणबत्तीसारखी. तळहातावर हा फोड, बघा, अजून आहे.

गॉर्डीनं धूळ उडवायच्या हवेचे डबे आणले, ते उलटे धरले की बर्फासारखं गार फवारतात, तसे फवारले. डबे संपले, मोटर तशीच. मग कुणाच्या तरी पेटीतला गोठलेला मासा आणून तिच्या पाठीवर बांधला. मासा शिजला. वास सुटला. शेजारच्या टेबलावर पुलाखालची मंडळी, त्यांचं यंत्र 'सम्राट', त्यांची मोटर पाण्याच्या नळ्यांनी गार होणारी, नळ्यासुद्धा निळ्या रंगाच्या! त्यांचा म्होरक्या ट्रेंट, पांढरे हातमोजे घातलेला, आमच्याकडे बघून नाक दाबतो आणि विचारतो, "तुम्ही इथे लढायला आलात की जेवायला?"

गॉर्डी हातोडी घेऊन निघालाच होता. मी त्याला कमरेला धरून ओढत होतो. म्हटलं, "अरे, मारायचं ते पिंजऱ्यात मार!" "पिंजऱ्यात कशानं मारू? मोटर जळतेय!" "मग हातोडीनं मोटर गार होणार आहे का?" ह्या आमच्या झोंबाझोंबीत काठी मध्ये आली. सासरे.

"भांडताय काय बायकांसारखे? तापलीय ना?"

मी म्हटलं, "नाही नाही, पप्पा, जराशी…"

"सौनातून बाहेर आल्यावर आपण काय करतो?"

"…बर्फात उडी मारतो."

"मग? हिला का नाही? ही काय आकाशातून पडलीय?"

आणि बोलता बोलता म्हाताऱ्यानं खिशातून पेचकस काढला, चारी स्क्रू भराभर सोडवले, कुठला स्क्रू कुठे आहे हे न शोधता, आणि मोटर फडक्यात गुंडाळून उचलली! स्वतःची मोटर! स्वतःच्या कुशीत! मी बघतोय, गॉर्डी बघतोय. म्हातारा दारातून बाहेर, आम्ही मागे. बाहेर वाऱ्यानं कान कापताहेत. इमारतीमागे पांढरं स्वच्छ बर्फ गुडघाभर पडलेलं. पण सासरे तिकडे गेलेच नाहीत, ते गेले रस्त्याकडे, जिथे फाळाच्या गाडीनं रस्त्यावरचं बर्फ ढकलून करड्या रंगाचा ढीग लावलेला. त्या ढिगात त्यांनी हातानं खड्डा केला आणि मोटर आत पुरली. वरून थापटून थापटून बर्फ लावलं. मी म्हटलं, "पप्पा, तिकडे चांगलं बर्फ…" तर म्हणाले, "काय?" म्हटलं जाऊ दे, बर्फ ते बर्फ!

थोड्या वेळानं उकरून काढली. हात ठेवला. तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा, मी सबंध प्रार्थना म्हटली. आमेन! वर एक स्तोत्रसुद्धा म्हटलं असतं! बर्फगार! पाणी टिपून घेतलं, पेटीत बसवली, तारा जोडल्या. गॉर्डी रडत होता. मी सासऱ्यांच्या पाया पडायचा तेवढा बाकी होतो.

अंतिम झुंज. घंटा. सम्राट आला, चकचकीत, निळ्या नळ्या मिरवत. मी रिमोटची कळ दाबली… आणि आत्या हलली नाही. दुसऱ्यांदा दाबली. नाही! सम्राटनं येऊन पहिला फटका घातला, ढोलाचे तीन दाते एकदम उडाले. दुसरा, मागचं चाक गेलं. ट्रेंट हसतोय. मी कळा दाबतोय, सोडतोय, दाबतोय… आणि मग आतून एक आवाज आला, कुणी तरी लोखंडी तवा दगडावर घासावा तसा, आणि ढोल सुटला! पूर्ण वेगानं! मी हात काढला, तरी फिरतोय. रिमोट बंद केला. तरी फिरतोय! रिमोटची बॅटरी काढून गॉर्डीच्या हातात दिली… तरी फिरतोय! आत्याला आता आमची गरज राहिली नव्हती.

मग जे झालं ते लढाई नव्हती हो, तो खून होता. आत्यानं सम्राटला खालून घेतला आणि उचलून छताला हाणला. खाली येतोय तोच परत घेतला. निळ्या नळ्या तुटल्या, आतड्यांसारख्या लोंबल्या, पाणी भिंतींवर उडालं. परत हाणला. चाक. कवच. दुसरं चाक. ट्रेंट ओरडतोय, "थांबवा! आम्ही हरलो! थांबवा तिला!" मी ओरडतोय, "मी धरलेली नाहीये!" सम्राटचा काही भाग उरला नाही तेव्हा ती भिंतीकडे वळली. जाड भिंत, बोटभर जाड, तिला तडा! पंच टेबलाखाली. पास्टीवाल्या बायका गाडा ढकलत पळताहेत. आणि म्हातारा? म्हातारा पहिल्या रांगेत बाकावर उभा! दोन्ही हात वर! कानातलं यंत्र काढून खिशात टाकलेलं, डोळ्यांत पाणी, आणि ओरडतोय, "जाळ! जाळ! जाळून टाक तिला!"

तिला? मी म्हटलं, सम्राटला म्हणायचं असेल. पण सम्राट तर केव्हाच संपला होता!

आणि मग पेटली. हिरव्या ज्वाळेनं पेटली, फट् असा आवाज झाला, ढोल थांबला, आणि हॉकीच्या मैदानावर असा काळा धूर पसरला की करंडक कुणाला देताहेत ते त्या करंडकाचा धक्का लागल्यावर कळलं. करंडक आम्हाला! गॉर्डीनं तो डोक्यावर घेतला. मी मोटर हातात घेतली. कोळसा. उभा चिरलेला कोळसा. जग जिंकलो होतो हो, करंडक होता, गाव होतं, पुलाखालचे रडत होते… आणि मोटर!

त्या संध्याकाळी मी घरी न जाता सासऱ्यांच्या सौनाशी गेलो, कपडे उतरवून आत शिरलो. म्हटलं लोरीच्या हातून मरण्याआधी ह्यांच्या हातून मरू, वय झालंय, हात हलका असेल. ते वरच्या फळीवर बसलेले, उघडे, लालबुंद. मी मोटर त्यांच्या पायाशी ठेवली. "पप्पा," म्हटलं, "ही तुमची आहे."

"माहीत आहे," म्हणाले.

मला वाटलं, वाफेनं माझे कान गेले. "माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या घंटेपासून. अरे, इतके हिवाळे तिचं कण्हणं ऐकलंय मी. माझे कान गेलेत, ती जात नाही कानातून."

"मग तुम्ही ओरडत होतात ते…"

"जळावी म्हणून!" म्हाताऱ्यानं गरम दगडांवर पाणी ओतलं, फस्स! "काय हट्टी मोटर रे ती! दाबलीस तरी जळेना, अडवलीस तरी जळेना. शेवटी म्हटलं, मीठ बघू. रस्त्यावरच्या बर्फात काय असतं? मीठ! बर्फ वितळावं म्हणून टाकतात ते, तारांत शिरलं की संपलं! माझे तीन ट्रक खाल्लेत त्या मिठानं, मला विचार. तुला नाही कळलं? इथे जन्मलास ना तू?"

मी म्हटलं, "पण पप्पा, का? तुमची मासेमारी…"

"माझी?" म्हातारा असा काही खाली वाकला की मला वाटलं आता पडतोय आगीत. "माझी कसली? मला थंडी सोसत नाही आता. माझे गुडघे बघ! तुझी हौस म्हणून जातो मी. लोरी म्हणाली, पप्पा, डेलला तुमच्याबरोबर बर्फावर बसायला फार आवडतं, मोडू नका त्याचं मन."

"मला?" मी म्हटलं. "मला तर ती म्हणाली, पप्पा एकटे पडलेत, मासेमारी एवढंच सुख उरलंय त्यांना! मला माशाचा वाससुद्धा सहन होत नाही, पप्पा!"

दगड फसफसत होते. दोन उघडी माणसं आणि मध्ये एक जळकी मोटर. इतके रविवार! इतके रविवार मी त्यांच्यासाठी गोठलो, ते माझ्यासाठी गोठले, आणि लोरी घरात शेगडीशी पाय पसरून, कॉफी घेऊन, एकटी, निवांत! मग आम्ही हसलो, तुम्हाला सांगतो, असे हसलो, एकमेकांच्या पाठीवर असे गुद्दे घातले, की फळी मोडली. सुटलो! गिरमिट मेलं! उद्यापासून उबेत!

दोघं तसेच घोंगडं गुंडाळून माझ्या घरी गेलो, मोटर टेबलावर ठेवली, चेहरे पाडले. मी म्हटलं, "लोरी, माझी चूक झाली. पप्पांची मोटर जळली." सासऱ्यांनी डोळे पुसले, काय सुंदर पुसले! मी वाट बघत होतो, आता सुरी उचलेल, आता पोटात घालेल. तर ती उठली, आम्हा दोघांच्या गालांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "एवढंच ना? मी काय ओळखत नाही तुम्हाला? गॉर्डी फ्रिज फाडून बसला तेव्हाच मला कळलं होतं, आता पप्पांच्या गिरमिटाची पाळी. म्हणून मी आधीच घेऊन ठेवलंय."

आणि कोटांच्या कपाटातून हे एवढं खोकं काढलं. नवं गिरमिट. दुप्पट मोठं. वर दोन घडीच्या खुर्च्या.

"सकाळी चर्च सुटलं की निघा दोघं," म्हणाली. "आणि अंधार पडेपर्यंत यायचं नाही हां, मजा करा!"

तेव्हापासून दर रविवारी बसतो आम्ही तिथे. म्हातारा गिरमिट बर्फात दाबून धरतो, मी वरून लोंबकळतो, गॉर्डीसुद्धा येऊन बसतो त्याच्यावर, रस्त्यावरचं करडं बर्फ बादलीनं आणून ओततो… तळ्याला चाळणीसारखी भोकं पडली, पण ती मोटर, तुम्हाला सांगतो, काही केल्या तापत नाही हो!